गेलेली दुकानं, राहिलेली आडनावं

(युवा शिबिरातील भाषणाचे संपादित रूप)



शिबिरात दोन दिवस तुम्ही संविधान, शिक्षण, रोजगार अशा मोठ्या विषयांवर बोललात. संयोजकांनी मला सांगितलं, तुम्ही पुण्याच्या जुन्या दुकानांबद्दल बोला, मुलांना जरा मोकळं वाटेल. तर मोकळं वाटेलच. पण शेवटी मी तुम्हाला थोडं कामाला लावणार आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

माझे दादा पिंजारी होते. नाना पेठेत आमचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, दहा बाय बाराची खोली, पुढं लाकडी फळ्यांचं दार आणि आत छतापर्यंत कापूस. छताला दोरी बांधून पिंजण टांगलेलं. तुमच्यातल्या बहुतेकांनी ते पाहिलेलं नसेल. मोठ्या धनुष्यासारखं असतं, त्याला बकऱ्याच्या आतड्याची तात ओढून बांधलेली असते. लाकडी दांडक्यानं ती तात छेडली की टंय्‌ टंय्‌ आवाज येतो, आणि दाबून दगड झालेला कापूस ढगासारखा फुलतो. दिवाळीच्या आधी दादा पिंजण खांद्यावर टाकून सदाशिव, शनिवार, नारायण पेठेतल्या वाड्यांत जायचे. वाड्याच्या चौकात बसून गाद्या उसवायच्या, कापूस पिंजायचा, पुन्हा भरायचा, टाके घालायचे. दिवसभराचं काम. दुपारी घरातली आजी त्यांना भाकरी द्यायची.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. पण आमच्या घरात त्या पुराची वेगळी आठवण सांगितली जायची. नदीकाठच्या पेठांत घराघरांतल्या गाद्या चिखलात भिजल्या होत्या. दादा म्हणायचे, "कितने महिने हम बस पूर की गाद्याच पिंजते थे." ज्यांचं सगळं गेलं होतं, त्यांच्याकडून मजुरी घ्यायची कशी, म्हणून कित्येकांची गादी त्यांनी उधारीवर भरून दिली. ती उधारी वहीत लिहिली होती. किती वसूल झाली, ते मला कधी कळलं नाही.

दादांचं ते वाक्य नीट ऐका. ना शुद्ध उर्दू, ना शुद्ध मराठी. घरात आमची दखनी, पण दुकानात मराठी. आमच्या घरातल्या पुरुषांना मराठी शाळेनं नंतर शिकवलं, आधी गिऱ्हाइकानं शिकवलं. आपण 'मराठी मुसलमान' म्हणतो, तो मराठी झाला कुठं? बराचसा दुकानाच्या फळीवर झाला.

आमच्या शेजारी एक अत्तार चाचा होते. अत्तर विकणं हा त्यांच्या दुकानाचा छोटा भाग. खरी विक्री कुंकू, बुक्का, अष्टगंध, ऊद, धूप, शिकेकाई, नागरमोथा यांची. गुढीपाडव्याला आणि गणपतीत त्यांच्याकडं रांग लागायची. सौभाग्याचं कुंकू मुसलमानाच्या तागडीतून तोलून जायचं आणि कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही. रमजानमध्ये तेच चाचा सुरमा आणि मजमुआ विकायचे. पुढं मणियारांचं दुकान. लग्नघरातून बोलावणं आलं की मणियार बांगड्यांची माळ घेऊन जायचे आणि नवरीला हिरवा चुडा भरायचे. परक्या पुरुषाच्या हातात घरातल्या लेकीसुनांनी हात द्यायचा, हा केवढा विश्वास असतो, याचा विचार करा. काच फुटू न देता, हाताला इजा न होता बांगडी चढवायची कला तर होतीच. पण त्या कलेच्या आधी तो विश्वास होता.

कोपऱ्यावर कल्हईवाला बसायचा. जमिनीत खड्डा, त्यात कोळसा, चामड्याचा भाता. तांब्या-पितळेचं भांडं तापवायचं, नवसागराची पूड टाकायची, कथलाची कांडी फिरवायची आणि कापसाच्या बोळ्यानं झरकन पुसून घ्यायचं. पांढरा धूर व्हायचा आणि काळं पातेलं आतून चांदीसारखं चमकायचं. तो कापसाचा बोळा आमच्या दुकानातून जायचा, म्हणून आम्हा पोरांना पहिल्या रांगेत बसायला मिळायचं.

मग सायकलचं दुकान. पुणं सायकलींचं शहर होतं, हे तुम्हाला आता चेष्टा वाटेल. तासावर सायकल भाड्यानं मिळायची. वहीत नाव, पत्ता आणि वेळ लिहायची, अनामत काही नाही. ओळख हीच अनामत. त्याच ओळीत एक भाड्यानं पुस्तकं देणारं दुकान. एका फळीवर इब्ने सफीच्या उर्दू कादंबऱ्या, दुसरीवर बाबूराव अर्नाळकर. अब्बा पहिल्या फळीवरची घ्यायचे, मी दुसरीवरची, आणि जेवताना दोघंही आपापल्या खुन्याचा शोध घेत असायचो.

आणि इराणी. डेक्कनवरचं लकी गेलं, कॅम्पातलं नाझ गेलं. गुडलक अजून आहे, १९३५ पासून. इराणी हॉटेलवाल्यांत झरथुष्ट्री होते, तसे शिया मुसलमानही होते. संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, बन-मस्का आणि एका कपावर तासभर बसायची मुभा. पण मला त्यांचं मोठेपण वेगळ्या गोष्टीत वाटतं. ज्या काळात कित्येक ठिकाणी जात विचारून कप वेगळा दिला जायचा, त्या काळात इराण्याच्या टेबलावर कोण कुठल्या जातीचा, कुठल्या धर्माचा, हे विचारलं जात नव्हतं. पैसे दिले की चहा सगळ्यांना सारखा.

आता ही दुकानं गेली का? कुणी एकानं मारली नाहीत. कल्हई स्टेनलेस स्टीलनं संपवली. पिंजण आधी मोटरवर चालणाऱ्या यंत्रानं बाजूला सारलं, आणि मग फोमच्या गाद्यांनी त्या यंत्राचंही काम काढून घेतलं. सायकलची जागा लुना आणि स्कूटरनं घेतली. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यामुळं पेठांतल्या गाळ्यांची भाडी वर्षानुवर्षं गोठलेली होती. भाडेकरू खूश, पण मालकाला दुरुस्तीत रस नाही. वाडे मोडकळीला आले, बिल्डर आले, आणि छोट्या दुकानदाराला थोडे पैसे किंवा तळघरातला गाळा मिळाला. त्यात १९९२-९३ नंतर माणसांच्या मनात भीती बसली. पेठांतली, कॅम्पातली कित्येक मुस्लिम कुटुंबं कोंढव्याकडं गेली. घरं स्वस्त होती हे खरं, 'आपल्यांत' राहावं ही भावना होती हेही खरं. गिऱ्हाईक एकीकडं राहिलं, दुकानदार दुसरीकडं गेला.

इथंपर्यंत ऐकून तुम्हाला वाटेल, किती छान होते ते दिवस. थोडं थांबा.

आमच्या दुकानाच्या पाटीवर दादांचं नाव होतं. पण रजईला टाके कोण घालायचं? दादी आणि माझी फूफी. दिवे लागल्यावर, स्वयंपाक आटोपल्यावर, पहाटे फज्रच्या आधी. कापसाच्या धुळीनं दादीला जन्मभर खोकला होता. तिच्या कामाची मजुरी कधी वेगळी धरली गेली नाही, आणि तिचं नाव कुठल्याही वहीत नाही. फूफी हिशोबात अब्बांपेक्षा हुशार होती, असं अब्बाच सांगायचे. तरी गल्ल्यावर ती एकदाही बसली नाही. शाळा चौथीत सुटली. तेव्हा जुन्या दुकानांच्या आठवणीनं डोळे भरून येत असतील तर येऊ द्या, पण त्या धुळीत कोण खोकत होतं, तेही पाहा.

दुसरी गोष्ट. दुकान बंद झालं याचं अब्बांना दुःख झालं, पण पश्चात्ताप झाला नाही. ते म्हणायचे, "पिंजाऱ्याच्या पोरानं पिंजारीच व्हावं, असं कुठं लिहिलंय?" धंदा जन्मानं ठरतो तेव्हा त्याला जात म्हणतात, आणि ती आपल्याकडंही आहे. इस्लाममध्ये जात नाही हे बरोबर; पण लग्नाचं स्थळ आलं की पहिला प्रश्न काय असतो, ते तुम्ही घरी ऐकलेलं आहे.

आणि इथं माझा मुख्य मुद्दा येतो. दुकानं गेली, आडनावं राहिली. या सभागृहात किती नदाफ, मन्सूरी, अत्तार, तांबोळी, बागवान, मणियार आहेत? हात वर करा. बघा. तुमच्यातल्या कित्येकांना आपल्या आडनावामागचं दुकान माहीत नाही. पण महाराष्ट्राच्या ओबीसी यादीला ते माहीत आहे. पिंजारी, अत्तार, तांबोळी, बागवान अशा जमाती त्या यादीत आहेत, आणि त्या धर्मामुळं नाही, तर सामाजिक आणि शैक्षणिक मागासलेपणामुळं आहेत. ओबीसी प्रमाणपत्राच्या पडताळणीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात. आपली अडचण तिथंच होते. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं असतं. मग मुलगी मेरिटमध्ये आलेली असते, प्रवेशाची तारीख जवळ आलेली असते, आणि घरात ट्रंका उघडून कागद शोधणं सुरू होतं.

पडताळणीच्या अर्जात कुटुंबाचा पारंपरिक व्यवसाय विचारतात. म्हणून ती जुनी दुकानं ही नुसती गोड आठवण नाही. दुकानाचा जुना परवाना, भाड्याची पावती, धंद्याचा उल्लेख असलेलं खरेदीखत, पाटी दिसणारा एखादा फोटो, हे सगळं तुमच्या कुटुंबानं काय काम केलं त्याची साक्ष आहे. एका कागदानं प्रमाणपत्र मिळेल असं मी म्हणत नाही. पण घर बदलताना, वाडा पाडताना आपण हेच कागद रद्दीत देतो. पुनर्विकासाच्या गडबडीत सगळ्यात आधी माळा रिकामा होतो.

तिसरी गोष्ट आजची. 'यांच्याकडून घेऊ नका', 'त्यांच्याकडून घेऊ नका', असे संदेश आपल्या सगळ्यांच्या मोबाईलवर येतात. दोन्ही बाजूंनी येतात. अशा संदेशाला उत्तर भाषणानं देता येत नाही, मी तर भाषणच करतोय. ते उत्तर पूर्वी अत्तार चाचांकडं गिऱ्हाईक म्हणून रोज यायचं. ज्याच्याकडून तुम्ही वीस वर्षं कुंकू घेतलं, त्याच्याबद्दलची अफवा पटकन पटत नाही. आज माल दारात येतो, पण आणणाऱ्याचं नाव आपल्याला ठाऊक नसतं. मी ॲप बंद करा म्हणत नाही. पण आठवड्यातून एक वस्तू तरी अशा माणसाकडून घ्या, जो तुमच्या मोहल्ल्यातला नाही, तुमच्या धर्माचा नाही, आणि त्याचं नाव विचारा. तुमचंही सांगा.

आता कामाचं. शिबिरातून घरी गेल्यावर प्रत्येकानं तीन गोष्टी करायच्या आहेत. एक, घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाशी, आणि विशेषतः सगळ्यात वयस्कर बाईशी, तासभर बोला आणि मोबाईलवर रेकॉर्ड करा. दुकान कुठं होतं, काय विकायचं, कोण गिऱ्हाईक, घरातल्या बायका त्यात काय काम करायच्या, बंद का झालं. दखनीत बोलल्या तर दखनीतच राहू द्या. दोन, घरातल्या जुन्या कागदांचे फोटो काढा आणि मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवा. तीन, ते सगळं दोन पानांत लिहून काढा. मराठीत लिहा, उर्दूत लिहा, आपलं मासिक दोन्ही छापतं.

आमच्या वहीतली ती पुराची उधारी मी सांगितली. ती वही आता नाही, वाडा पाडला तेव्हा गेली. तुमच्या घरातली एखादी अजून असेल. या रविवारी माळ्यावर चढा.