जागच्या चेंडूची परीक्षा

क्रिकेटचा चेंडू अंगावर येतो. गोल्फचा जागीच असतो. तरी मित्राच्या आग्रहावरून मी पहिल्यांदा क्लब फिरवला, तेव्हा नुसतं गवत उडालं. मित्र हसला, "कविराज, मूठ सैल सोडा. जोर मनगटात नसतो."

तो पायांतून निघतो; कंबर, खांदे, हात आणि शेवटी क्लब, असा चढत जातो. क्लब चेंडूला भेटतो, तो सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या जेमतेम निम्मा वेळ!

अमेरिकेच्या बेन होगनच्या मोटारीला १९४९मध्ये बसने धडक दिली. कमरेचं हाड, घोटा मोडला. तो चालेल का, हीच शंका होती. १९५०मध्ये पायांना पट्ट्या बांधून त्याने यूएस ओपन जिंकली.

दुसऱ्या खेपेला मी मूठ सैल सोडली. चेंडू वीस पावलं गेला.