मोकळे किती, बांधलेले किती?



पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले संचालक होते जेम्स विल्यम मॅकबेन. जन्म कॅनडातला. पुण्याला आले तेव्हा साठी उलटून गेलेली होती. नाव मात्र खूप आधी, इंग्लंडात ब्रिस्टलला झालं होतं, आणि तेही साबणाच्या पाण्यामुळे!

हे पाणी मोठं फसवं. वीज चांगली वाहून नेतं, म्हणजे त्यात विद्युतभार असलेले कण, आयन, भरपूर हवेत. पण कणांची संख्या दुसऱ्या रीतीनं मोजली, तर ती फारच कमी भरते. १९१३ च्या सुमारास मॅकबेन यांनी याचा उलगडा मांडला: साबणाचे लांब शेपटीचे आयन एकत्र येऊन पुंजके करतात. या पुंजक्यांना मिसेल म्हणतात. अनेकांना तेव्हा ते पटलं नव्हतं.

टूथपेस्टमध्ये असतं ते सोडियम डोडेसिल सल्फेट घ्या. लिटरभर पाण्यात ते सव्वादोन ग्रॅमच्या थोडं वर गेलं, की मिसेल बनू लागतात. एका मिसेलमध्ये साधारण साठ आयन; शेपट्या आत, ऋणभाराची डोकी बाहेर. साठ ऋणभार इतक्या दाटीनं नांदणार कसे? ते एकमेकांना ढकलणारच. ही ढकलाढकल शमवतात धनभाराचे सोडियम आयन. त्यांतले बरेचसे मिसेलला चिकटून राहतात, बाकीचे पाण्यात हिंडतात.

चिकटलेले किती, हे मोजायचं कसं? गोठ्यात किती गुरं बांधलीत हे रानात चरणारी मोजून ठरवावं, तसं. फक्त सोडियमला दाद देणारी काचेची इलेक्ट्रोड मिळते. ती मोकळ्या सोडियमचीच दखल घेते. पंचवीस अंश तापमानाला मोकळे आयन दसपट झाले, की तिचा विद्युत विभव ५९ मिलिव्होल्टनं बदलतो. मिसेल नसतात तोवर हा हिशेब जवळजवळ चोख जमतो. मिसेल बनायला लागले, की मात्र दसपट पदार्थ घालूनही विभव जेमतेम तीसेक मिलिव्होल्ट सरकतो. उरलेले सोडियम गेले कुठे? मिसेलच्या अंगाला. हिशेब केला तर शंभरातले सत्तर-पंचाहत्तर बांधलेले निघतात.

ही काचेची इलेक्ट्रोड नव्हती तेव्हाही काम अडलं नव्हतं. मॅकबेन यांच्याच ब्रिस्टलच्या प्रयोगशाळेत १९२० च्या सुमारास पाऱ्यात सोडियम विरघळवून त्याची इलेक्ट्रोड केली आणि साबणाच्या पाण्यातलं मोकळं सोडियम थेट मोजलं. सोडियम पाण्याला लागलं की काय होतं, हे शाळेत पाहिलेल्यांना या कामाची धास्ती कळेल.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ‘बांधलेला’ आणि ‘मोकळा’ यांच्यात कुणी कुंपण घातलेलं नाही. चिकटलेला आयन क्षणात सुटतो, दुसरा त्याची जागा घेतो. विद्युतवाहकतेवरून काढलेला आकडा आणि इलेक्ट्रोडचा आकडा तंतोतंत जुळत नाहीत, ते यामुळेही. तरी माझा कौल इलेक्ट्रोडलाच. वाहकतेत प्रत्येक भारित कणाचा वाटा मिसळलेला असतो. इलेक्ट्रोड एकट्या सोडियमची साक्ष देते.

सोडियम असं मिसेलला चिकटतं, याचा व्यवहारात उपयोगही आहे. द्रावणात साधं मीठ, लिटरला सहा ग्रॅमच्या आसपास, घातलं, की सोडियम वाढतं, डोक्यांची ढकलाढकल आणखी शमते आणि पूर्वीच्या पाचव्या हिश्श्याइतक्या पदार्थातच मिसेल बनू लागतात. मीठ वाढवत नेलं, की गोल मिसेल लांबट होतात आणि पुरेशा दाट द्रावणाला घट्टपणा येतो. शांपू घट्ट करायला कारखानदार हीच युक्ती वापरतात. घरातल्या बाटलीवरची घटकांची यादी वाचून पाहा. पुष्कळदा तिथं सोडियम क्लोराइड सापडेल.