नकारानंतरचा प्रश्न

नोकरीसाठी अर्ज करावा, मुलाखत देऊन यावे आणि पुष्कळ दिवसांनी दोन ओळींचे नकारपत्र हाती पडावे, किंवा तेही पडू नये, हा अनुभव असंख्य सुशिक्षित तरुणांच्या वाट्याला येतो. नकाराचे दुःख असतेच. परंतु त्याचे कारण न कळण्याचे दुःख अधिक काळ टिकते. कारण ठाऊक नसले की मन दोनच वाटा धरते. वशिल्याचा कोणी आधीच ठरला होता, ही एक. आपण कशाच्याच लायकीचे नाही, ही दुसरी. पहिलीने कटुता वाढते, दुसरीने उमेद खचते. आणि पुढच्या अर्जात सुधारणा मात्र काडीचीही होत नाही.

मग कारण विचारावे काय? अवश्य विचारावे. परंतु 'मला का घेतले नाही?' असे विचारू नये. ऐकणाऱ्याला तो जाब वाटतो, आणि जाब विचारला की माणूस मौन धरतो. ज्याचे उत्तर देता येईल असाच प्रश्न विचारणे, हे येथील खरे कौशल्य होय.

सरकारी नोकरीच्या बाबतीत कायदाही हेच शिकवितो. गोव्याने १९९७ सालीच माहितीच्या अधिकाराचा कायदा केला. पुढे २००५ साली केंद्राचा कायदा आला. त्यान्वये जन माहिती अधिकाऱ्याने सामान्यतः तीस दिवसांत उत्तर द्यावयाचे असते. मात्र मिळते ती कागदोपत्री असलेली माहिती. 'का' या प्रश्नावर नवे अभिप्राय लिहून देण्याचे बंधन कार्यालयावर नाही. म्हणून आपले गुण किती, शेवटच्या निवडलेल्या उमेदवाराचे किती, असे नेमके विचारावे. परीक्षार्थीस आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली दिला. तथापि हा हक्क अमर्याद नाही. नागरी सेवा परीक्षेचे गुण यांत्रिकपणे उघड करण्याचा आदेश देता येणार नाही, असे त्याच न्यायालयाने २०१८ साली म्हटले.

खाजगी संस्थांना हा कायदा सहसा लागू होत नाही. तेथे सौजन्य हेच साधन. आठवड्याच्या आत, ज्यांनी मुलाखत घेतली त्यांना चार ओळींचे पत्र लिहावे. प्रथम आभार मानावेत. मग एवढेच विचारावे, की या पदास आवश्यक अशी कोणती गोष्ट आपल्यापाशी कमी पडली, आणि पुन्हा अर्ज करण्यापूर्वी काय शिकावे. निर्णय बदलण्याची विनंती त्यात नसावी.

उत्तर आले तर वाद घालू नये. एकाचे मत चुकीचे असू शकते. परंतु दोन-तीन ठिकाणांहून तोच दोष दाखविला गेला, तर तो मान्य करून कामाला लागावे. कधी उत्तर असे येते, की उणीव काही नव्हती. जागा एक होती आणि दुसरा उमेदवार अधिक अनुभवी होता. हे उत्तरही मोलाचे आहे, कारण त्याने मनातील विनाकारण अपराधीपणा दूर होतो. उत्तर आलेच नाही, तर मौनाचा अर्थ लावीत बसू नये.

निवड करणाऱ्यांचेही एक कर्तव्य आहे. ज्याला नोकरी देता आली नाही, त्याला निदान दिशा देता येते. त्यास पगार लागत नाही. दोन प्रामाणिक ओळी पुरतात.