केबलच्या टोकाची ताकद

‘लाइट गेली’ असे आपण सहज म्हणतो. पण ती जाण्याआधीच्या पाव-अर्ध्या सेकंदात तारांमधून काय धावून गेले, याचा विचार सहसा होत नाही. फांदी तारेवर पडली, जेसीबीने खोदताना केबल तोडली किंवा पावसाचे पाणी केबलच्या तोंडात शिरले, की विजेला भलतीच सोपी वाट सापडते. एरवी दोनशे अँपिअर वाहणाऱ्या ११ केव्हीच्या वाहिनीतून त्या क्षणी पाच-दहा हजार अँपिअर जाऊ शकतात. यालाच फॉल्ट करंट म्हणतात. ब्रेकर उघडेपर्यंत वाटेतल्या प्रत्येक वस्तूला तो सोसावाच लागतो.

त्या वाटेवरची सर्वांत दुर्लक्षित वस्तू म्हणजे केबलचे टोक. जमिनीखालून आलेली केबल खांबावर किंवा कारखान्याच्या मीटरखोलीत वर येते. तिथे तिची वेष्टणे सोलतात, उष्णतेने आकसणारी नळी चढवतात आणि आतल्या वाहकावर लग दाबून बसवतात. आपले वायरमन तिला थिंबल म्हणतात. या सगळ्या कामाला टर्मिनेशन असे नाव आहे. केबल घेताना मालक चार ठिकाणी भाव विचारतो. टर्मिनेशनचे किट मात्र ठेकेदार आणेल ते.

केबलच्या सोसण्याचा हिशेब ठरलेला आहे. ३०० चौरस मिलिमीटरची अॅल्युमिनियमची एक्सएलपीई केबल सुमारे २८ हजार अँपिअर एक सेकंद सोसते. तेवढ्यात तिचा वाहक ९० अंशांवरून २५० अंशांवर जातो. तीन सेकंद सोसायचे असेल तर हा आकडा सोळा हजारांवर येतो. म्हणून ‘२५ केए’ असे नुसते लिहिलेले असले तर पुढचा प्रश्न विचारावा, किती सेकंदांसाठी? आणि हे झाले केबलचे. टोकाला जोड डाख देऊन केलेला असेल तर त्याची मर्यादा २५० नव्हे, १६० अंश धरतात. दाबयंत्राने नीट बसवलेली लग केबलच्या बरोबरीने टिकते. हातोडी-छिन्नीने ठोकून चपटी केलेली लग कुठल्याच आकड्यात बसत नाही, आणि तशा लगा आजही दिसतात.

उष्णतेखेरीज धक्काही असतो. फॉल्टच्या पहिल्या लाटेचा कळस नोंदलेल्या प्रवाहाच्या अडीचपट होऊ शकतो. २५ हजार अँपिअरचा फॉल्ट असेल आणि दोन वाहक फूटभर अंतरावर असतील, तर मीटरभर लांबीत ते एकमेकांना अडीचशे किलोच्या जोराने ढकलतात. पक्के बांधलेले नसेल तर टोक बोल्टातून उपटून निघते. जुन्या लोखंडी केबल बॉक्समध्ये डांबरासारखे कम्पाउंड भरलेले असे. आत ठिणगी पडली की असा बॉक्स फुटतो, आणि त्या वेळी शेजारी माणूस उभा असू शकतो.

आता हे सारे आपल्या खानदेशात आणून पाहू. भुसावळजवळ दीपनगरला १९६८ साली ६२.५ मेगावॉटचा संच सुरू झाला. पुढे २१० मेगावॉटचे आणि २०१० नंतर ५०० मेगावॉटचे संच आले. धुळ्याजवळ ७६५ केव्हीचे उपकेंद्र उभे राहिले. म्हणजे मागचे जाळे तगडे झाले. साक्रीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प यात फारशी भर घालत नाही, कारण सौर इन्व्हर्टर फॉल्टच्या वेळीही नेहमीपेक्षा थोडाच जास्त प्रवाह देतो. पण गावातल्या माणसाशी जास्त संबंध येतो तो ३३/११ केव्ही उपकेंद्राचा. तिथे ५ एमव्हीएचा एक ट्रान्सफॉर्मर असताना साडेतीन हजार अँपिअरच्या आसपास फॉल्ट येतो. १० एमव्हीएचे दोन समांतर चालवले की तोच दहा हजारांच्या घरात जातो. प्रवाह जवळजवळ तिप्पट, पण उष्णता आणि धक्का दोन्ही आठपट! ट्रान्सफॉर्मर वाढवून द्या ही मागणी रास्तच आहे, तिच्यासाठी मोर्चेही निघतात. वीस वर्षांपूर्वीची केबलची टोके या नव्या प्रवाहाला पुरतील का, हे मात्र कोणी विचारत नाही. उपकेंद्रापासून लांब जावे तसा फॉल्ट घटत जातो, त्यामुळे शिवारातल्या टोकाच्या डीपीला ही चिंता कमी. उपकेंद्राला लागून असलेल्या डाळ मिलला, जिनिंगला, दवाखान्याला ती जास्त.

आणखी एक गोष्ट डोळ्याआड राहते. केबलच्या प्रत्येक गाभ्यावर तांब्याची पातळ पट्टी गुंडाळलेली असते. फेज जमिनीला लागली की परतीचा प्रवाह या पट्टीतून आणि बाहेरच्या पोलादी चिलखतातून जातो. आपल्याकडे न्यूट्रल थेट जमिनीला जोडतात, म्हणून तो प्रवाहही मोठाच असतो. टर्मिनेशन करताना पट्टी आणि चिलखत अर्थिंगच्या वेणीला घट्ट जोडायचे असतात. घाईत पट्टीवर नुसती तार गुंडाळली, तर पहिल्याच फॉल्टला जोड जळतो आणि वर सगळे ठीक दिसते.

टर्मिनेशनसाठी आयएस १३५७३ हे भारतीय मानक आहे. बेंगळुरूची १९६० मध्ये स्थापन झालेली केंद्रीय विद्युत संशोधन संस्था आणि आपल्याला जवळची बडोद्याची एर्डा, या दोन्हींकडे शॉर्ट सर्किटच्या चाचण्या होतात. किट घेताना चाचणीचा अहवाल मागावा. त्यात प्रवाह, सेकंद आणि वापरलेल्या लगचा आकार या तिन्ही गोष्टी पाहाव्यात. आपल्या जागी फॉल्ट किती येतो, हा आकडा वीज कंपनीच्या अभियंत्याकडे लेखी मागावा.

मोठा फॉल्ट येऊन गेल्यावर, ‘लाइट आली, झाले’ असे समजून सोडू नये. पुरवठा रीतसर बंद करून, अर्थ करून, बोल्ट ठरलेल्या जोराने तपासून घ्यावेत. ढिला जोड आधीच तापलेला असतो, त्यामुळे पुढच्या फॉल्टसाठी त्याच्याकडे जागाच उरत नाही. तो शोधायला आता उष्णता टिपणारा कॅमेरा मिळतो. मात्र जळगावच्या मे महिन्यात ही पाहणी दुपारी करू नये. उन्हाने तापलेला पत्रा कॅमेऱ्याला फसवतो. रात्री आठनंतर, गिरणी पूर्ण भाराने चालू असताना ती करावी.