ऑइलचा दिवा मधूनच लागतो? सेन्सर बदलण्याआधी हे ऐका

आजचा विषय तुमच्याच मेसेजमधून आलाय. एका श्रोत्याने विचारलंय: "गाडी दहा वर्षं जुनी, पेट्रोल. अर्धा तास चालवली की सिग्नलला ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो. थोडी रेस दिली की जातो. मिस्त्री म्हणतात सेन्सर गेलाय. खरं असेल का?"

उत्तर असं की, असू शकतं. पण नुसतं बघून हे कोणालाच सांगता येत नाही. माझ्या गॅरेजमध्येही नाही. मोजावं लागतं. कसं, तेच आज बोलू.

आधी हा दिवा काय सांगतो ते समजून घ्या. बऱ्याच जणांना वाटतं, किटलीचं चिन्ह म्हणजे ऑइल कमी झालं. तसं नाही. लाल दिवा ऑइलचं प्रेशर सांगतो, लेव्हल नाही. घरच्या पाण्यासारखं आहे हे. खालची टाकी भरलेली असली, तरी पंप बिघडला तर नळाला पाणी येत नाही. इंजिनात चेंबर म्हणजे टाकी, ऑइल पंप म्हणजे मोटार, आणि क्रँकची बेअरिंगं म्हणजे नळ.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. बहुतेक साध्या गाड्यांत तो 'सेन्सर' म्हणजे एक बटणच असतं. प्रेशर साधारण ४ ते ७ पीएसआयच्या खाली गेलं की ते जोडलं जातं आणि दिवा लागतो. म्हणजे दिवा लागतो तेव्हा प्रेशर जवळजवळ संपलेलंच असतं. पेट्रोलच्या काट्यासारखं "अजून थोडं आहे" वगैरे इथे नाही.

म्हणून चालत्या गाडीत दिवा लागला, तर पहिलं काम एकच: गाडी सुरक्षित बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. सपाट जागेवर पाच-दहा मिनिटं थांबा, मग डिपस्टिक काढा, पुसा, परत घालून बघा. लेव्हल कमी असेल तर योग्य ग्रेडचं ऑइल टाका आणि चालू करून बघा. दिवा काही सेकंदांत गेला पाहिजे. लेव्हल बरोबर असूनही दिवा जात नसेल, तर गाडी टो करून न्या. "गॅरेज दोनच किलोमीटरवर आहे" म्हणून चालवत नेऊ नका. त्या दोन किलोमीटरमध्ये इंजिन जाम होऊ शकतं.

आता मधूनच लागणारा दिवा. दिवा कधी लागतो हे नीट लिहून ठेवा, मोबाइलच्या नोट्समध्ये लिहा. अर्धं निदान तिथेच होतं.

वळणावर किंवा ब्रेक मारल्यावर लागतो? बहुतेक ऑइल कमी आहे. ते एका बाजूला सरकतं आणि पंप हवा ओढतो.

खड्ड्यात, पावसात, कधीही लागतो, इंजिनाच्या वेगाशी संबंध नाही? वायर किंवा कनेक्टर बघा. जुन्या साध्या वायरिंगमध्ये इंजिन बंद ठेवून चावी ऑन करा आणि बटणाची वायर काढा. दिवा विझला पाहिजे. तरी चालू राहिला, तर वायर कुठेतरी घासून बॉडीला लागतेय. नव्या गाड्यांत ही वायर कंप्युटरमार्फत जाते, तिथे हा प्रयोग मॅन्युअल बघूनच.

जोरात चालवताना लागतो? हे गंभीर आहे. ऑइल कमी असेल, नाहीतर पंपाची जाळी चोंदलेली असेल. स्पीडब्रेकरला चेंबर आपटून आत चेपला असेल, तरी जाळीचा रस्ता बंद होतो.

आणि गरम इंजिन, आयडलला? हा आपल्या श्रोत्याचा प्रकार. पंप इंजिनावरच फिरतो, त्यामुळे आयडलला प्रेशर सगळ्यात कमी असतं. त्यात ऑइल गरम होऊन पातळ झालेलं. म्हणजे इंजिनात काही झीज असेल तर ती आधी इथेच दिसते. पण बटण खराब झालं असेल, तरी ते नेमकं इथेच फसवतं. दोन्हींची लक्षणं सारखीच.

मागच्या पावसाळ्यात माझ्याकडे अशाच दोन गाड्या आल्या. दोन्ही सिग्नलला लुकलुकणाऱ्या. दोन्हींचं बटण इंजिन थंड असताना काढलं, त्या जागी प्रेशर गेज लावलं आणि इंजिन पूर्ण गरम केलं. पहिल्या गाडीचा काटा आयडलला १८ पीएसआयवर स्थिर. बटणच खराब होतं. नवीन लावलं, काहीशे रुपयांत काम झालं.

दुसरीचा काटा ४ वर. रेस देऊन २,५०० आरपीएमला नेलं तरी २० च्या पुढे जाईना. ढोबळ हिशोब असा की दर हजार आरपीएमला साधारण १० पीएसआय हवं. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. मालक गणपतीला त्याच गाडीने कोकणात निघणार होते. त्याआधी एका ठिकाणी त्यांना "जाड ऑइल टाका, दिवा जाईल" असा सल्ला मिळाला होता.

हा सल्ला लक्षात ठेवा, कारण तुम्हालाही मिळेल. ५डब्ल्यू-३० च्या जागी २०डब्ल्यू-५० टाकलं की दिवा विझू शकतो. झीज मात्र थांबत नाही, फक्त दिसेनाशी होते.

आम्ही मॅन्युअलप्रमाणे ऑइल आणि फिल्टर बदलून परत मोजलं. काटा ६. मग चेंबर उतरवला. जाळी काळ्या गाळाने अर्धी बंद, आणि बेअरिंगच्या वाट्या झिजून आतला तांबूस थर दिसायला लागलेला. क्रँकवर अजून ओरखडे नव्हते, म्हणून वाट्या, पंप आणि साफसफाईवर भागलं. घाटात ती वाटी फिरली असती, तर क्रँकसकट इंजिन गेलं असतं. मंडळी त्या वर्षी एसटीने गावाला गेली. गाडी आजही चालते.

म्हणून श्रोत्या मित्रा, मिस्त्रींशी भांडू नकोस. एवढंच म्हण, "दादा, बटण काढताय तर आधी गेज लावून आकडा दाखवा ना." काढायचं तर आहेच, वर अर्धा तास जाईल. काटा ठीक असेल तर नवं बटण लावा आणि निघा. काटा खाली असेल तर गाडी तिथेच ठेव.

एक शेवटचं. रोज चावी ऑन केल्यावर, स्टार्टर मारण्याआधी, हा लाल दिवा लागतो का बघा. लागलाच नाही, तर बल्ब, वायर किंवा बटण गेलंय, आणि खरं संकट आलं तरी तो तुम्हाला सांगणार नाही.

तुमच्या गाडीचा दिवा कधी, कसा लागतो ते व्हॉइस मेसेज करून कळवा. इंजिनाचा आवाज रेकॉर्ड करून पाठवलात तर उत्तमच. भेटू पुढच्या भागात!