तीन परस पाण्याखाली

(नभोवाणीवरील भाषण, संपादित)



पोहता न येणारी बाई समुद्राच्या तळाशी वीस मिनिटं चालून आली, असं सांगितलं की आमच्या पारनेर तालुक्यात लोक आधी तोंडाकडे बघतात आणि मग पावसाचा विषय काढतात. तरी मी आज तेच सांगणार आहे.

आमच्याकडे विहिरीची खोली परसात मोजतात. परस म्हणजे पुरुषभर उंची, ढोबळमानानं सहा फूट. अंदमानात मी तीन परस पाण्याखाली गेले ती २०२० च्या जानेवारीत, निवृत्त झाल्यावर सहा-सात महिन्यांनी. त्याआधीची पस्तीस वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं. हवेला जागा लागते हे दाखवायला पेल्याच्या तळाशी कागदाचा बोळा घट्ट बसवायचा, पेला उपडा करून बादलीत सरळ खाली दाबायचा, मग वर काढून कागद कोरडाच आहे हे पोरांना हात लावून बघायला सांगायचं. हा प्रयोग मी किती वेळा केला असेल त्याची गणती नाही. स्वतः मात्र गुडघ्याच्या वरच्या पाण्यात कधी उतरले नव्हते.

त्याला कारण होतं. १९७२ च्या दुष्काळात मी अकरा वर्षांची होते. गावच्या विहिरीत पोहरा सोडला की तळाच्या खडकावर आपटून रिकामाच वर यायचा. मग बायका-पोरी पायऱ्या उतरून खाली जायच्या आणि वाटीवाटीनं घागर भरायच्या. विहिरीच्या एका कोपऱ्यात, जिथं खोदताना सुरुंग खोल गेला होता, तिथं दीड परस पाणी होतं. माझी चुलत बहीण, आम्ही तिला आक्का म्हणायचो, शेवाळावरून घसरली ती नेमकी त्या कोपऱ्यात. चौदा वर्षांची होती. काठावर सहा-सात बायका होत्या, एकीलाही पोहता येत नव्हतं. गडीमाणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेली. पोरगे लहानपणीच पाठीला सुकट भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पडायचे आणि पंधरा दिवसांत पोहायला लागायचे. पोरींनी पाणी भरायचं, पाण्यात पडायचं नाही, असा रिवाज. त्यानंतर तर आईनं मला विहिरीच्या कठड्याशीही उभं राहू दिलं नाही.

लग्न होऊन मी राहुरीकडे आले. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं आणि त्याच्या कालव्यांवर प्रवरेकाठचा भाग हिरवा झाला. आमचे हे त्या पाटात पोहून वाढलेले. एकाच जिल्ह्यातली आम्ही दोघं, पण पाण्याच्या बाबतीत दोन देशांतली.

मराठी माणूस अंदमानला जातो तो आधी सेल्युलर जेलमधली सावरकरांची कोठडी बघायला. आम्हीही गेलो. (नगरचं अहिल्यानगर झालं त्याच वर्षी, म्हणजे २०२४ साली, पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. आमच्या तोंडी दोन्ही नावं अजून मागंपुढं होतात.) दुसऱ्या दिवशी बोटीनं नॉर्थ बेला नेलं. वीस रुपयांच्या जुन्या लालसर नोटेच्या मागं माडांच्या आडून दिसणारं दीपगृह आहे ना, ते तिथलं, असं बोटवाला प्रत्येकाला नोट काढायला लावून दाखवत होता. किनाऱ्यापासून थोडं आत एक तरंगता तराफा होता आणि त्याच्यावर पाटी होती 'सी वॉक'. पोहता येण्याची गरज नाही, चष्मासुद्धा काढू नका, माणशी साडेतीन हजार.

माझं लक्ष गेलं ते तिथल्या शिरस्त्राणाकडे. पुढून काच, वर रबरी नळी आणि खालून सताड उघडं. गळ्याशी ना वादी, ना पट्टा. मी ह्यांना म्हटलं, "अहो, हा तर माझा पेला!"

खरोखर तो उपडा पेलाच आहे. तराफ्यावरचा पंप नळीतून सतत हवा सोडतो, ती हवा शिरस्त्राणातलं पाणी खाली रेटून धरते आणि जास्तीची हवा खालच्या कडेनं बुडबुडे होऊन निघून जाते. हनुवटीच्या खाली पाणी, वर कोरडी हवा. वर हातात धरलं तर ते तीस किलोंच्या पुढं भरतं, म्हणून तुम्ही शिडीवरून छातीभर पाण्यात उतरल्यावरच डोक्यावर ठेवतात. पाण्यात गेलं की हलकं होतं. भरलेला पोहरा पाण्यातून वर येईपर्यंत फुलासारखा असतो आणि पाणी सोडताच हाताला ओढ देतो, हे रहाटावर पाणी शेंदलेल्या कुठल्याही बाईला सांगावं लागणार नाही.

हा शोध पर्यटकांसाठी लागलेला नाही. इंग्लंडमध्ये चार्ल्स डीन यानं १८२३ साली धुरानं भरलेल्या घरात शिरण्यासाठी एका शिरस्त्राणाचं पेटंट घेतलं. पुढं त्यानं आणि त्याचा भाऊ जॉन यानं तेच पाण्यात नेलं. याच जॉननं १८३६ साली, १५४५ मध्ये बुडालेलं 'मेरी रोझ' हे लढाऊ जहाज शोधून त्यातल्या तोफा वर काढल्या. पण त्या उघड्या शिरस्त्राणात एक खोट होती. पाणबुड्या वाकला किंवा पडला, की तिरक्या पेल्यातून हवा निसटते तशी हवा जायची आणि पाणी आत शिरायचं. म्हणून झीबे या कारागिरानं शिरस्त्राण पूर्ण अंगरख्याला जोडून बंद केलं आणि कामाचे पाणबुडे तिकडे वळले. उघडं शिरस्त्राण उरलं ते उथळ पाण्यात हिंडणाऱ्यांसाठी. विल्यम बीब या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञानं १९२० च्या दशकात ते घालून मासे जवळून पाहिले आणि विसाव्या शतकाच्या मध्यापासून बर्म्युडात हौशी प्रवाशांना ते घालून तळावरून फिरवून आणायला सुरुवात झाली. खोट मात्र तीच आहे. म्हणून पहिली सूचना ती, वाकायचं नाही. काही पडलं तर पडू द्यायचं.

उतरण्याआधी एक कागद भरून घेतात. दमा, हृदयविकार, फिट येणं, कानाचं दुखणं, गरोदरपण. आमच्या ह्यांची तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. पाटात सूर मारणारा माणूस तिथं बाद झाला आणि विहिरीला भिणारी मी पास झाले. हे म्हणाले, "अगं, तू जा. मी इथं बसतो." मला नाही म्हणायचं होतं. पण प्रयोग पोरांना पस्तीस वर्षं दाखवायचा आणि स्वतःवर वेळ आली की मागं सरायचं, याची लाज वाटली.

तिथल्या पोरानं मला हिंदीतून तीन-तीनदा बजावलं, "आंटी, साँस मत रोकना." ही सूचना नीट समजून घ्यावी अशी आहे. समुद्रात दर दहा मीटरला वातावरणाइतका एक दाब वाढतो. साडेपाच मीटरवर, म्हणजे तीन परसांवर, तुम्ही दीडपट दाबाची हवा घेत असता. ती छातीत कोंडून वर आलात तर ती दीडपट जागा मागणार. ती जागा फुप्फुसात नसते. विहिरीत बुडी मारणारा वरची हवा भरून खाली जातो, ती वर येताना पुन्हा होती तेवढीच होते, म्हणून त्याला श्वास रोखून चालतं. इथं रोखायचाच नाही. पट्टीच्या पोहणाऱ्याला पाण्यात तोंड गेलं की श्वास रोखायची सवय असते, ती मोडावी लागते. मला कुठलीच सवय नव्हती.

शिडीच्या चौथ्या-पाचव्या पायरीला कान दुखला. घाटातून एसटी उतरताना दुखतो तसा, पण टोकदार. खालून हात आत घालून नाक चिमटीत धरलं, हलकेच फुंकलं, कान 'टक्' झाला आणि दुखणं गेलं. ही सोय उघड्या शिरस्त्राणातच मिळते. पुढच्या पायरीला तेच पुन्हा. घाई केली असती तर पडद्याला इजा झाली असती. सोबतच्या पाणबुड्या पोरानं मुळीच घाई केली नाही, हे मुद्दाम सांगते.

शेवटची पायरी संपून पायाला वाळू लागली तेव्हा मला काय दिसलं असेल? काही नाही. मी डोळे मिटून घेतले होते. कानाशी बुडबुड्यांचा एवढा आवाज की डाळ उकळत्या पातेल्यात डोकं घातल्यासारखं. मी त्या आवाजाबरोबर श्वास मोजत राहिले. पाण्याखाली आक्काला काय ऐकू आलं असेल, हा विचार त्या ठिकाणी आला. अठ्ठेचाळीस वर्षांत तो मी येऊ दिला नव्हता. मग डोळे उघडले.

पोरानं हातानं विचारलं, बरं आहे ना? मी अंगठा दाखवला, तर तो मला लगेच शिडीकडे ओढू लागला! पाण्याखाली अंगठा वर करणं म्हणजे 'मला वर न्या'. बरं आहे सांगायला तर्जनी आणि अंगठ्याचं कडं करायचं, हे वर शिकवलं होतं आणि मी विसरले होते. मग दोन्ही हातांनी कडी करून दाखवली, तेव्हा तो काचेआड हसलेला दिसला.

तळाशी लोखंडी कठडा होता, त्याला धरून चालायचं. पाय उचलावा तो टाकायला वेळ लागतो, भिजल्या वावरात ढेकळं तुडवल्यासारखं. माझ्या हातात हिरव्या बांगड्या आणि मध्ये एक लाल होती. हिरव्या हिरव्याच राहिल्या, लाल मात्र विटकरी-काळपट दिसायला लागली, कारण पाणी तांबडा प्रकाश सगळ्यांत आधी गिळतं. काचेतून मासे होते त्याहून मोठे आणि जवळ दिसत. पट्ट्यापट्ट्यांचे मासे घोळक्यानं आले. एक पोपटमासा प्रवाळाचा खडक कुरतडत होता. हा मासा खडक खातो आणि वाळू टाकतो. पायाखालची पांढरी वाळू थोडीफार त्याच्या पोटातून आलेली आहे, हे वर्गात सांगितलं असतं तर पोरं पोट धरून हसली असती.

पण जाहिरातीच्या फलकावर होते तसे रंग नव्हते. बरंचसं प्रवाळ राखाडी, मोडलेलं. २०१० च्या उन्हाळ्यात तिथलं पाणी तापलं आणि अंदमानातलं प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं होतं. प्रवाळ हा जीव आहे, त्याच्या अंगात राहणारं सूक्ष्म शेवाळ त्याला रंगही देतं आणि अन्नही. पाणी तापलं की ते शेवाळ निघून जातं. त्यात आपले पाय आणि आपले हट्ट. फोटोत मासे यावेत म्हणून पाव चुरून टाकायला देत होते. मी घेतला नाही. पावावर वाढलेला मासा खडकावरचं शेवाळ खायचं सोडतो, आणि मग ते शेवाळ प्रवाळाला झाकून टाकतं.

वर आले तेव्हा हे पंपाशेजारी पालथ्या बादलीवर बसले होते. म्हटलं, समुद्र बघत बसायचा ना. म्हणाले, "मी वीस मिनिटं ह्या पंपाकडेच बघत होतो. एकदा तो ठसकला, तेव्हा त्या पोरानं लगेच दुसऱ्या टाकीची चावी सोडली." मला खाली काही कळलं नव्हतं.

आमच्याकडे विहीर खोदणारा दोरावर खाली जातो तेव्हा वर दोर धरायला आपला माणूस उभा करतो, उसना नाही. म्हणून कुणी मला विचारलं, सी वॉकला जाऊ का, तर मी सांगते, खुशाल जा. पण आधी खाली बघू नका, वर बघा. पंपाजवळ कोण आहे, पंप बंद पडला तर हवेची दुसरी सोय आहे का, एका पोराकडे किती माणसं आहेत, कागदावर आजार विचारतात की नुसती सही घेतात. घाई करतील तिथून परत फिरा, पैसे गेले तरी. तारकर्लीला, मालवणच्या समुद्रात, पाठीला टाकी लावून नेतात तिथंही हेच विचारा. तिथं नळी तोंडात धरून श्वास घ्यायचा असतो, त्यामुळं नवख्याला जरा अवघड जातं.

आता एक शेवटची गोष्ट. परत आल्यावर माहेरी गेले. भाच्यानं शेततळं केलंय. 'मागेल त्याला शेततळे' ही योजना २०१६ साली आली, आणि आता आमच्या भागात टेकडीवरून बघितलं तर जिकडेतिकडे ही तळी चमकतात. डाळिंब त्याच्यावरच जगलं. तळ्याला प्लॅस्टिकचा कागद टाकलेला असतो, उतरता आणि गुळगुळीत. पाणी किती, विचारलं. भाचा म्हणाला, "आत्या, भरलं की तीन परस." मी काठावर उभी राहून त्या पाण्याकडे बघत होते. ओल्या कागदावरून घसरलेला माणूस, पोहता येत असलं तरी, हात टेकून वर येऊ शकत नाही. आणि इथं वर पंपाशी कुणी बसलेलं नसतं. भाच्याची मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती, शाळेतून आली की मोटर चालू करायला तीच जायची.

त्या दिवशी मी सुपे गावातून जाड दोर आणवला. दर हातभरावर गाठ मारली. चार बाजूंना चार दोर, वर खुंटीला पक्के आणि खाली पाण्यात सोडलेले. पाचवा हवेनं भरलेल्या ट्यूबला बांधून मोटरीजवळ अडकवला. भाचा म्हणत होता, कुंपण घालणार आहे, दोर कशाला? मी म्हटलं, कुंपण घालच, पण आज दोर.

पोरगी मे महिन्यात विहिरीत पोहायला शिकली. डबा पाठीला तिच्या आजोबांनी बांधला. मी कठड्याशी उभी होते.