पेशंटजवळ बसलेल्या बाईचं काय?



आज बोलायचंय ते मोठ्या सरकारी दवाखान्याबद्दल. सिव्हिल म्हणा, मेडिकल कॉलेजचा दवाखाना म्हणा. तिथले डॉक्टर कसे आहेत, औषधं मिळतात का, यावर आपण पुष्कळ बोलतो. पण पेशंटच्या खाटेजवळ जे माणूस बसलेलं असतं, त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. आणि ते माणूस बहुतेक वेळा बाईच असते. आई, बायको, सून, बहीण. दवाखान्यात तिला नाव नसतं. “एकवीस नंबरचे नातेवाईक कोण?” अशी हाक आली की तिनं धावायचं. तपासायचं रक्त लॅबमध्ये नेऊन द्यायचं, एक्स-रे आणायचा, मामांबरोबर स्ट्रेचर ढकलायचं, सलाईन संपत आलं की सिस्टरला उठवायचं. रात्री खाटेखाली नाहीतर व्हरांड्यात लुगडं अंथरून पडायचं, आणि चप्पल उशाखाली ठेवायची. सकाळी बाथरूमला रांग. आंघोळ तिसऱ्या दिवशी.

गटांचं काम करताना मी गावोगावच्या वह्या बघते. कर्जाचं कारण लिहिलेलं असतं: शेळी, शिलाई मशीन, बियाणं. आणि दर दोन-तीन पानांनी एक शब्द येतो, ‘दवाखाना’. मी एका ताईला विचारलं, “अगं, सरकारी दवाखान्यात तर उपचार फुकट झाले, मग कर्ज कशाला?” तिनं बोटावर हिशेब सांगितला. येण्याजाण्याचं भाडं. दोन वेळचं बाहेरचं जेवण. बाहेरून आणायला सांगितलेलं एक इंजेक्शन. दोघांचीही बुडालेली मजुरी. आणि म्हैस दुसऱ्याच्या हातानं पान्हवेना, ते दूध गेलं. औषधाचा खर्च त्यात सगळ्यात कमी होता.

हे खरंच आहे. 15 ऑगस्ट 2023 पासून आपल्या राज्यात प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, म्हणजे सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, केस पेपरपासून उपचारापर्यंत सगळं मोफत झालंय. मेडिकल कॉलेजचे दवाखाने वेगळ्या खात्याकडे येतात, तिथं थोडी फी लागू शकते. पण पेशंटजवळ बसणाऱ्या बाईचा खर्च कुठल्याच केस पेपरवर लिहिलेला नसतो. तो घरावर पडतो.

आणि कधीकधी तो पैशापेक्षा महाग पडतो. आपल्या भागात एक बोलणं सर्रास ऐकू येतं, “सही करून घरी आणलं.” म्हणजे डॉक्टर नको म्हणत असताना, ‘आमच्या जबाबदारीवर नेतो’ असं लिहून देऊन पेशंट घरी आणला. लोक म्हणतात, अडाणी आहेत, यांना कळत नाही. मला तसं वाटत नाही. मी ज्या घरांत विचारलं तिथं उपचार नको म्हणून सही केली नव्हती. जवळ बसणाऱ्या माणसाचं बळ संपलं म्हणून केली होती.

एक बाळ कमी वजनाचं जन्मलं. पेटीत ठेवलं होतं. आईला सुट्टी मिळाली, पण बाळाला दूध द्यायला तिला तिथंच राहावं लागणार होतं. ओली बाळंतीण, बसायला बाक, घरी तीन वर्षांची मुलगी तापानं फणफणलेली. सासू म्हणाली, घेऊन या. आणलं. त्या बाळाचं पुढं काय झालं ते मी सांगत नाही, कारण ते घर आत्ता हा कार्यक्रम ऐकत असेल. एवढंच सांगते की त्या आईला कुणी दोष देऊ नका.

आता दुसरी गोष्ट, तिनं सांगायला हरकत नाही म्हटलंय. नवरा उसाच्या ट्रॉलीवरून पडला, मांडीचं हाड मोडलं. 108 च्या गाडीनं आधी ग्रामीण रुग्णालयात, तिथून मोठ्या दवाखान्यात. पायाला वजन लावून ठेवलं. ऑपरेशनची तारीख मिळाली, ती पुढं गेली. पुन्हा मिळाली, पुन्हा गेली. का, ते कुणी सांगेना. विचारलं की “उद्या बघू”. तिला वाटलं, आपण पैसे दिले नाहीत म्हणून असेल. नवव्या दिवशी घरून फोन आला, पोरांना बघायला कुणी नाही, हाड बसवणाऱ्याकडं नेऊ. ती सहीचा कागद मागायला गेली. रात्रपाळीच्या सिस्टर म्हणाल्या, “ताई, सही सकाळीही करता येईल. उद्या राऊंडला मोठे डॉक्टर येतील, त्यांना एकदा विचारा.”

तिनं गटाच्या अध्यक्षांना फोन लावला. पहाटेच्या एसटीनं दोघी जणी गेल्या. राऊंड आला तेव्हा त्यातली एक पुढं झाली आणि हात जोडून म्हणाली, “साहेब, ऑपरेशन का थांबलंय तेवढं आम्हाला समजावून सांगा.” डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलं. पेशंटच्या अंगात रक्त कमी होतं, ते चढवलं. भूल द्यायला हरकत नाही असा दुसऱ्या डॉक्टरांचा अभिप्राय हवा होता. पायात घालायच्या सळीची योजनेतून मंजुरी कालच आली. आणि मधल्या दोन दिवशी रात्री अपघाताचे पेशंट आले, त्यांना आधी घ्यावं लागलं. चारही कारणं पटण्यासारखी होती. पण नऊ दिवस ती कारणं त्या बाईपर्यंत पोचली नव्हती. माणूस त्रास सोसतो, पण तो कशासाठी सोसायचा हे त्याला कळायला हवं. पंधराव्या दिवशी ऑपरेशन झालं. तोवर गटातल्या बायांनी दोन-दोन दिवसांची पाळी लावली. एक दवाखान्यात, एक तिच्या घरी. आज तो माणूस काठी टेकत शेतावर जातो.

दवाखान्याला नावं ठेवणं सोपं आहे. भरलेला वॉर्ड, जमिनीवर गाद्या, आणि रात्रपाळीला एखाद-दुसरी सिस्टर. तीही कुणाची तरी आई आहे, तिचंही घर आहे. त्या रात्री एक वाक्य बोलायला ती थांबली, म्हणून एक पाय वाचला. पण सांगणं हा उपचाराचाच भाग आहे, मेहेरबानी नाही. म्हणून विचारायला लाजू नका. भांडू नका, पण विचारा.

विचारायचं कुणाला, तेही सांगते. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात प्रत्येक पेशंट एका युनिटचा असतो. त्या युनिटचे मोठे डॉक्टर कोण आणि त्यांच्या ओपीडीचे वार कोणते, हे पहिल्या दिवशीच कागदावर लिहून घ्या. सुट्टी झाल्यावर दाखवायला त्याच वारी जायचं असतं. भलत्या वारी गेलं की हेलपाटा होतो. राऊंडच्या वेळी खाटेजवळच राहा. मनातले तीन प्रश्न ठरवून ठेवा: आजार काय, आता काय करणार, किती दिवस लागतील.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा ‘आरोग्यमित्र’ योजनेतल्या दवाखान्यात बसतो. भरती झाल्याबरोबर रेशन कार्ड आणि आधार कार्ड घेऊन त्याच्याकडं जा. योजनेत बसणाऱ्या आजारांवर कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. फोन नंबर 155388. बाहेरून औषध आणायची चिठ्ठी मिळाली, पैसे नाहीत, राहायची सोय नाही, तर ‘समाजसेवा अधीक्षक’ कुठं बसतात ते विचारा. मोठ्या दवाखान्यात हे पद असतं, आणि आपल्यापैकी फार थोड्या जणींना ते माहीत आहे. बाळंतिणीला सरकारी दवाखान्यात जेवण आणि 102 ची जाण्यायेण्याची गाडी मोफत आहे. आजारी बाळावरचे उपचार एक वर्षापर्यंत मोफत आहेत.

पेशंटबरोबरच्या माणसाचं दुःख ओळखलं ते गाडगेबाबांनी. गरिबाचा पेशंट आत, आणि नातेवाईक रस्त्यावर, हे त्यांनी बघितलं. म्हणून मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ धर्मशाळा उभी राहिली. दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा टाटा रुग्णालयात येणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटना आणि त्यांच्या माणसांना आजही आसरा देते. बाबा शाळेत गेले नव्हते, पण पेशंट बरा व्हायचा तर त्याच्याजवळचं माणूस टिकलं पाहिजे, हे त्यांना कळलं होतं.

आपल्याला धर्मशाळा बांधता येणार नाही. पण आपल्या दशसूत्रीत आरोग्याचं एक सूत्र आहे. ते आपण हिमोग्लोबिन तपासणीपुरतंच ठेवलंय. येत्या बैठकीत त्यात तीन गोष्टी घाला. पहिली, गटातल्या कुणाच्याही घरचं माणूस मोठ्या दवाखान्यात भरती झालं तर पहिल्या दोन दिवसांत गटातली एक बाई तिथं जाऊन येईल, आणि डॉक्टरांशी बोलणं होईल तेव्हा शेजारी उभी राहील. दुसरी, घरची पोरं आणि जनावरं कोण बघणार याची पाळी लागेल. कोण कुणाची म्हैस पिळू शकते हे आपल्यालाच माहीत असतं, ते सरकारला नाही कळायचं. तिसरी, ग्रामसंघाकडं अडीअडचणीसाठी जो जोखीम निधी असतो, त्यातून जवळ बसणाऱ्या माणसाच्या जेवणाखाण्यासाठीही पैसे मिळावेत, असा अर्ज करा. फक्त ‘औषधासाठी’ असं लिहू नका. खरा खर्च लिहा.

आणि सहीचा कागद समोर आला तर एकच नियम ठेवा, गटाला फोन केल्याशिवाय सही नाही. एका फोननं सगळं सुटेल असं नाही. पण त्या रात्री ती बाई एकटी ठरवणार नाही.

ठराव झाला की आम्हाला रेडिओवर जरूर कळवा. तुमच्या गावानं काय ठरवलं ते पुढच्या कार्यक्रमात सांगू.